रोवण्याच्या दोरीचं पेटंट

लग्न होऊन मी करडीला आले तेव्हा धानाचा तांदूळ कसा होतो हे मला चांगलं ठाऊक होतं, पण धान कसं येतं हे अजिबात ठाऊक नव्हतं. माहेर तुमसरचं. वडील राईस मिलमध्ये मुनीम, घर मिलच्या मागेच, त्यामुळे कोंड्याची धूळ आमच्या वरणातसुद्धा असायची. मी मॅट्रिक झाले होते आणि तेही इंग्रजीत पास होऊन. करडीत या गोष्टीचं एवढं अप्रूप की पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी शेजारपाजारच्या बाया जमवल्या आणि मला खताच्या पोत्यावरचं इंग्रजी वाचून दाखवायला सांगितलं.

"युरिया," मी वाचलं.

"ते तं आमाले बी मालूम हाय," समोरच्या घरची काकू म्हणाली. "समोरचं वाच."

ही काकू आणि माझ्या सासूबाई एकाच वर्षी करडीत सुना म्हणून आल्या होत्या आणि तेव्हापासून त्यांची चढाओढ चालू होती. एकीनं वांग्याची भाजी केली की दुसरी भरलं वांगं करायची. मात्र रोवण्याच्या दिवसांत दोघी एकाच टोळीत असत, कारण गावातली सगळ्यात चांगली टोळी तीच होती आणि ती सोडून जायला दोघींपैकी एकही तयार नव्हती.

रोवणा म्हणजे धानाची कोवळी रोपं उपटून चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, परत लावायची. रोपांना आमच्याकडे पऱ्हे म्हणतात. बाया ओळीनं वाकतात, पऱ्हे चिखलात खोचतात आणि एकेक पाऊल मागे सरकत जातात. पूर्वी हाताला येईल तिथं खोचायचे. मग ग्रामसेवक आला आणि म्हणाला, ओळीत लावा, जपानात असंच लावतात. त्यानं दोन खुंट्यांना दोरी ताणून दाखवली. ओळ सरळ आली, पण दोन पऱ्ह्यांमधलं अंतर जिच्या तिच्या मर्जीवर राहिलं. त्यावर करडीच्या बायांनी तोड काढली. विहिरीच्या जुन्या दोरीला वीत-वीतभर अंतरावर लुगड्याच्या चिंध्या बांधल्या. जिथं चिंधी, तिथं पऱ्हा. विचार करायचं कामच नाही, गप्पा मारायला डोकं मोकळं.

मी आले त्या वर्षी रोवणा चालू असताना तुमसरचा एक अवजारवाला आमच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, येऊन उभा राहिला. तो फवारणीचे पंप विकायचा. माणूस गोड. धोतर वर खोचून, छत्री धरून बराच वेळ बायांकडे बघत राहिला. मग त्यानं सासूबाईंकडून दोरी मागून घेतली, चिंध्यांवरून बोट फिरवलं, वीत लावून पाहिली.

"मस्त अकलीचं काम आहे, काकू."

सासूबाई इतक्या खूष झाल्या की त्यांनी त्याला आपल्या शिदोरीतली भाकर आणि मिरचीचा ठेचा दिला. तो जेवला, ढेकर दिला आणि गेला.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या दुकानात प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली पिवळी दोरी लटकू लागली. वीत-वीतभर अंतरावर लाल मणी. पिशवीवर हसऱ्या बाईचं चित्र, बाई चिखलात वाकलेली पण लुगड्याला चिखलाचा थेंब नाही. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, पेटंट, आणि पुढे एक नंबर. करडीत एकानंही ती घेतली नाही. घरी दोरी आहे, चिंध्यांना तोटा नाही, मग कायले घ्यायची?

तेव्हा रोहिणीच्या नक्षत्रात मोटारसायकलवरून अवजारवाल्याचा माणूस आला आणि घरोघर टाइप केलेला एकेक इंग्रजी कागद वाटून गेला. सगळे कागद शेवटी माझ्याकडे आले. ओसरीवर सासरे, सरपंच, सासूबाई, काकू आणि निम्मी टोळी. मी मोठ्यानं वाचायला लागले. निम्म्याहून जास्त शब्द मला येत नव्हते, पण तसं सांगायची ती वेळ नव्हती.

"खुणा केलेल्या दोरीनं ओळीत धान लावायची पद्धत यांची आहे, असं लिहिलं आहे," मी सांगितलं. "त्यांना न विचारता तसं कोणी रोवलं तर ते कोर्टात जातील."

"दोरी त्याची?" सरपंचांनी विचारलं.

"दोरी नाही. पद्धत."

"मंजे?"

"म्हणजे दोरी आपली असली तरी चालत नाही. तसं रोवायचंच नाही."

सासरे विडी विझवून म्हणाले, "उद्या कोनी मनन का तोंडानं जेवाची पद्धत माही हाय."

सासूबाईंना राग वेगळाच होता. "माही भाकर खाऊन गेला मेला," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

पेटंट म्हणजे नेमकं काय, यावर गावात बरीच चर्चा झाली. आमच्याकडे पेटंट हा शब्द दवाईसाठीच वापरायचे. डॉक्टर पुडी बांधून देतो ती साधी दवा, आणि खोक्यातली, लेबल लावलेली ती पेटंट. त्यामुळे निम्म्या गावाची समजूत अशी झाली की त्या पिवळ्या दोरीला काहीतरी औषध चोळलेलं आहे आणि तिनं रोवलं तर धानाला कीड लागत नाही. दोघंतिघं गुपचूप ती विकत घ्यायच्या विचारात होते. सरपंचांनी त्यांना समजावलं.

त्या वर्षीचा रोवणा चोरून झाला. मोटारसायकलचा आवाज आला की टोळीतली कोणीतरी ओरडायची, "आला वं बाई!" आणि दोरी चिखलात पायाखाली दाबली जायची. बाया तशाच वाकून, भलतीच गाणी म्हणत, हाताला येईल तिथं पऱ्हे खोचत राहायच्या. तो गेला की दोरी शोधायची. एकदा ती सापडलीच नाही, चाचपडत-चाचपडत अर्धी बांधी तुडवली. पऱ्हे पुन्हा रोवावे लागले.

एक दिवस त्या माणसाला वाटलं, जवळून बघावं. त्यानं मोटारसायकल धुऱ्यावर घातली. पावसानं मऊ झालेला धुरा खचला आणि तो गाडीसकट आमच्या बांधीत उतरला. गाडी चाकं बुडेपर्यंत रुतली. टोळीनं रोवणा थांबवला, कंबरेला पदर खोचले आणि त्याला बाहेर काढलं. गाडी काढायला मात्र बैल लागले. काकूनं त्याला विचारलं, "बैलानं गाडी ओढाची पद्धत कोनाची हाय, बाबू? इचारून घे, नाहीतं कागद येईन." तो पोरगेला माणूस, बिचारा हसला. पुन्हा करडीला आला नाही. कागद मात्र पोस्टानं येत राहिले.

दिवाळीनंतर गावाची मंडई भरली. मंडई म्हणजे आमच्याकडची जत्रा, रात्रभर दंडार नावाचा नाचगाण्याचा खेळ, दिवसा जिलेबी आणि पाहुणे. उद्घाटनाला आमदार येणार होते. सरपंचांनी ठरवलं की इथंच गाठायचं. त्यांनी मला निवेदन लिहायला लावलं. मी लिहिलं, गुरुजींनी त्यात "सविनय" आणि "कृपावंत" घातलं, आणि सगळ्यांनी सह्या-अंगठे केले. काकूचा अंगठा सासूबाईंच्या अंगठ्याच्या वर आला म्हणून आणखी एक कागद करावा लागला. त्यात दोघींचे अंगठे एका रांगेत घेतले.

आमदार भले गृहस्थ. गळ्यात हार, हातात नारळ आणि तिसऱ्या गावाला जायची घाई. निवेदनावर त्यांची नजर गेली आणि 'पेटंट' या शब्दावर थांबली.

"काळजी करू नका," ते म्हणाले. "दवाईतली भेसळ आम्ही खपवून घेणार नाही. अधिवेशनात प्रश्न मांडतो."

"साहेब, दवाई नाही, दोरी," सरपंच म्हणाले.

"दोरीतली भेसळ?"

तेवढ्यात ढोलकी सुरू झाली आणि साहेबांना स्टेजवर नेलं. भाषणात त्यांनी ग्रामीण भागातल्या भेसळयुक्त औषधांवर कडाडून हल्ला चढवला. टाळ्या पडल्या. आमच्या टोळीनंही वाजवल्या, कारण भाषण चांगलं होतं.

तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "असं नाही समजाचं यायले. नागपूरले जा लागते."

हिवाळी अधिवेशन नागपूरला सुरू झालं तेव्हा आम्ही तुमसर रोड स्टेशनवरून गाडीत बसलो. सरपंच, सासरे, सासूबाई, काकू, टोळीतल्या तिघी-चौघी आणि इंग्रजीसाठी मी. सासूबाईंच्या पिशवीत भाकरी होत्या आणि चिंध्या बांधलेली दोरी होती, खुंट्यांसकट. काकूच्या पिशवीतही भाकरी आणि दोरी होती. "तुही दोरी कायले?" "तुही तुटली मंजे?" एवढं बोलून दोघी आपापली पिशवी मांडीवर धरून बसल्या.

आमदार निवासात माणसांची ही गर्दी. प्रत्येक खोलीसमोर कुठल्या ना कुठल्या गावचे लोक चटया टाकून बसलेले. कोणाला रस्ता हवा, कोणाला बदली, कोणाला तलावाची पाळ. आम्हाला काय हवं, हे जवळच्या लोकांना सांगितलं तर ते एकमेकांकडे बघू लागले. एका म्हाताऱ्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "पोरी, तुमच्या गावात शाळा नाही का? रस्ता नाही का? मंग दोरीसाठी काहून आले?"

आमच्या आमदारांनी ओळखलं. "अरे, करडीवाले! भेसळीचा प्रश्न मी टाकला आहे." खोलीत आणखी एक आमदार पलंगावर मांडी घालून चहा पीत होते. ते कापसाच्या मुलुखातले, तिकडे यवतमाळकडचे, आणि निवडून येण्याआधी वकिली करायचे. सरपंचांनी पुन्हा सगळं सांगितलं. मी मध्ये मध्ये इंग्रजी कागद दाखवत होते.

"तं मंग त्याची दोरी नका वापरू," आमचे साहेब म्हणाले. "आपली वापरा."

"आपलीच वापरतो, साहेब. ते बी नाही चालत मनते."

"तं मंग बिना दोरीचं रोवा."

सासूबाई इतका वेळ दाराशी बसल्या होत्या. त्या उठल्या. "साहेब, तुमी धान कधी रोवलं का?"

साहेब जरा अवघडले. त्यांच्या घरची शेती मोठी होती, पण रोवणा त्यांनी गाडीतूनच पाहिला असावा. वकील आमदारांनी हसून सांगितलं, "मी तं धान ताटातच पाह्यलं, बाई. आमच्याकडे पऱ्हाटी, कापूस."

"तं चाला खाली. दाखवतो तुमाले."

साहेब नको नको म्हणत होते, पण वकील आमदार चपला घालून निघालेही. खाली आवारात माळ्यानं फुलांचा वाफा नुकताच पाणी देऊन भिजवून ठेवला होता. शेजारी टोपलीत कसल्यातरी फुलांची रोपं होती. सासूबाईंनी वाफा पाहिला, टोपली पाहिली, आणि मला पुढचं सगळं कळलं. मी "आई, नको" म्हणेपर्यंत दोन खुंट्या गाडल्या गेल्या होत्या.

टोळी वाकली. चिंधीला रोप, चिंधीला रोप, एक पाऊल मागे. माळी धावत आला, "अरे काय करून राहिले बाप्पा!" असं ओरडला. मग दोन आमदारांना शेजारी उभं पाहून त्यानं आवाज बदलला आणि विचारलं, "साहेब, हे शासनाचं काम आहे का?" थोड्या वेळानं तोही वाकून रोपं पुरवू लागला.

चटयांवरची माणसं उठून भोवती जमली. वकील आमदारांनी विचारलं, "उलट्या काहून चालता?"

"समोर चाललो तं लावलेलं तुडवन ना, साहेब," टोळीतली एक म्हणाली.

त्यांना हे फार पटलं. त्यांनी धोतराचा काचा मारला आणि स्वतः ओळीत उतरले. चार रोपं लावली, पाचव्याला उभं राहताना तोल गेला आणि सरळ मागे वाफ्यात बसले. आमचे साहेब, माळी, सरपंच, सगळे धावले. ते मात्र चिखलात बसल्या बसल्याच विचार करत होते.

"एक सांगा," ते बसल्या जागेवरून म्हणाले. "दोरीले चिंध्या बांधाची ही युक्ती पहिले कोनी काढली?"

"मी!" सासूबाई म्हणाल्या.

"तू?" काकू ताठ झाली. "पहिली चिंधी माह्या लुगड्याची होती! हिरवं लुगडं! समद्या गावानं पाह्यलं!"

"चिंधी तुही असन, पन बांध मनून मीच मनलं होतं."

"मनलं होतं का इचारलं होतं? मले इचारलं होतं तुवा, का आता कसं कराव?"

तिसरी मध्ये पडली. तिचं म्हणणं, ही पद्धत तिच्या माहेरी कधीचीच होती, तिची आई बांधायची. चौथी म्हणाली, तुझ्या माहेरी तर धानच होत नाही. मग माहेरांवर आलं. जमलेल्या लोकांत गोंदियाकडचे काही होते, ते म्हणाले, अरे, आमच्याकडे चिंध्या नाही, कवड्या बांधतात, आमच्या बापाच्या काळापासून. त्यावर काकूनं त्यांनाही धारेवर धरलं. मला लाजेनं कुठं तोंड लपवावं कळेना. आम्ही एवढ्या दुरून एका चोराविरुद्ध तक्रार घेऊन आलो होतो आणि साहेबांसमोर आपसातच चोर-चोर करत होतो.

सासरे हळूच मला म्हणाले, "गेलं आता. सामान बांध."

पण वकील आमदार चिखलात बसून पोट धरून हसत होते. हात देऊन त्यांना उठवलं तेव्हा ते आमच्या साहेबांना म्हणाले, "भाऊ, केस संपली. समद्यायले येत होतं तं त्यानं नवीन काय शोधलं? ह्या बायाइले जे भांडन इथं जमलं, ते मले कोर्टात साक्षीदार शिकवून बी नसतं जमलं."

मग खोलीत जाऊन, ओल्या धोतरावर टॉवेल गुंडाळून, त्यांनी कागद नीट वाचला. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, अवजारवाल्याला पेटंट मिळालेलंच नव्हतं, त्यानं नुसता अर्ज केला होता, आणि अर्जाचा नंबरच लेबलावर आणि नोटिशीत मिरवला होता. दुसरी, शेती करण्याच्या पद्धतीवर पेटंट देताच येत नाही, असं कायद्यातच लिहिलेलं आहे.

"मंग आमी आलो कायले?" सरपंचांनी विचारलं.

"तेच तं. आनखी एक सांगतो. पेटंटचा कायदा दिल्लीचा हाय. हे अधिवेशन त्यात कायीच करू शकत नाही."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. चुकीच्या गावच्या, चुकीच्या सभेत येऊन आम्ही तिथल्या फुलांचा वाफा रोवून ठेवला होता. आमचे साहेब मात्र आता जागे झाले होते. विषय त्यांना पहिल्यांदाच कळला होता आणि तो दवाईचा नाही याचं त्यांना थोडं वाईटही वाटत होतं. दोघांनी मिळून दिल्लीच्या खासदारांना आणि पेटंटच्या कचेरीला पत्र लिहायचं ठरवलं. वकील आमदार इंग्रजीत सांगत गेले, मी लिहीत गेले. 'मेथड' या शब्दाखाली त्यांनी मला रेघ मारायला लावली. "वस्तूची मालकी घ्या," ते म्हणाले, "पन माणसाच्या डोक्यातल्या आणि हातातल्या चालीची मालकी देऊ लागलो तं उद्या मले पऱ्हाटी वेचाले बी परवानगी लागन. हे सबन देशानं समजून घेतलं पाह्यजे."

त्यानंतर नोटिसा बंद झाल्या. पत्रामुळे झाल्या, की अवजारवाल्याचा अर्ज आपसूक फेटाळला गेला म्हणून, ते आम्हाला कधी नीट कळलं नाही. आमदार दोन्हीचं श्रेय घेत आणि आम्ही घेऊ देत होतो. पुढच्या रोवण्याला दोऱ्या उघड्यावर ताणल्या गेल्या. करडीत इंग्रजीचा कुठलाही कागद आला की माझ्याकडे यायचा, अगदी रेडिओच्या खोक्यातला कागदसुद्धा, आणि मी शब्दकोश विकत आणला होता म्हणून आता सांगायलाही भीती वाटत नव्हती.

अवजारवाला मला आणि सासूबाईंना पुढे एकदा तुमसरच्या बाजारात भेटला. मला वाटलं, आता इथं तमाशा होणार. पण तोच पुढे आला, दुकानात बसवलं, चहा मागवला.

"काकू, खरं सांगतो," तो म्हणाला. "मले खरंच वाटलं होतं का हे मलेच सुचलं. घरी गेलो, विचार करत राहिलो, अन् मण्यांचं डोक्यात आलं. मणी तं माझेच होते ना?"

सासूबाईंनी बशीत चहा ओतला आणि त्यावर नीट विचार केला. त्या भांडखोर होत्या, पण खोटं बोलत नसत.

"मणी तुहे," त्यांनी मान्य केलं. "मणी चांगले हायत. चिंधी सडते, मणी नाही सडत."

त्याचा चेहरा उजळला. त्यानं पिवळ्या दोरीची एक पिशवी काढून त्यांच्यासमोर ठेवली, बिनपैशाची. लेबल कधीच काढून टाकलेलं होतं. सासूबाईंनी दोरी उलगडली, मण्यांना वीत लावून पाहिली आणि मान हलवली.

"वीत तुही धरली तुवा. पुरुषाची. लय लांब होते." मग पदराआड हसत म्हणाल्या, "अन् आनखी एक दे. समोरच्या काकूले बी पाह्यजे. मी एकटीनं नेली तं ते मले जगू देनार नाही."